एकटीने परदेशी निघताना: बडोद्याच्या मराठी मैत्रिणी नेहमी विचारतात ते प्रश्न

दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत बडोद्यात मराठी घरं भरपूर. त्या घरांतल्या बायका आता फक्त लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जात नाहीत. कुणाला शिकायला जायचं असतं, कुणाला कामाला, आणि कुणाला नुसतं जग बघायला. सारखे कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. व्हिसाचे नियम आणि शुल्क बदलत राहतं, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून वाचा.

एकटीने जायला नवऱ्याची किंवा वडिलांची लेखी परवानगी लागते का?

नाही. १८ वर्षं पूर्ण झालेल्या भारतीय स्त्रीला पासपोर्ट काढायला किंवा देशाबाहेर जायला कुणाच्याही सहीची गरज नाही. घरात सांगून जाणं वेगळं आणि परवानगी लागणं वेगळं. विमानतळावर कुणीही तुमच्याकडे नवऱ्याचं पत्र मागू शकत नाही.

पासपोर्टवर माहेरचं नाव ठेवू की सासरचं?

जे नाव तुमच्या आधार, पॅन आणि बँकेच्या खात्यावर आहे तेच ठेवा. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा नियम नाही. डिसेंबर २०१६मध्ये नियम सोपे झाले, तेव्हापासून पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला सक्तीचा राहिलेला नाही, आणि घटस्फोटित किंवा विभक्त स्त्रीने नवऱ्याचं नाव लिहिलंच पाहिजे असा आग्रहही धरता येत नाही. खरा गोंधळ होतो तो एका कागदावर कुलकर्णी आणि दुसऱ्यावर देशपांडे असलं की. तो आधी निस्तरा.

आपल्याकडची आणखी एक अडचण मधल्या नावाची. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा असतो, आणि तुमचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुतेकदा दुसऱ्या रकान्यात एकत्र येतं. तिकीट काढताना दोन्ही रकाने जसेच्या तसे उतरवा. लाडाचं नाव नको, मधलं नाव गाळणं नको. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिराती पर्यटकांना प्रवेश देत नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा. बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, आपलं विभागीय कार्यालय अहमदाबादला. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. मुदत दहा वर्षांची, पण बरेच देश प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक मागतात.

आणि एक कळकळीची विनंती. अर्ज स्वतः भरा, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या मोबाइल नंबरवर. कितीतरी घरांत बायकोच्या पासपोर्टचं लॉगिन नवऱ्याच्या ईमेलवर आणि ओटीपी मुलाच्या फोनवर असतो. घरात ते कुणाला खटकत नाही, सोयीचंच वाटतं. बँकॉकच्या विमानतळावर उभं असताना ओटीपी मांजलपूरच्या फोनवर वाजला की त्या सोयीचा काही उपयोग नसतो. एकटीने प्रवास करायचा तर आपली कागदपत्रं, आपले पैसे आणि आपले पासवर्ड आपल्या हातात हवेत. याची सुरुवात तिकिटाच्या कितीतरी आधी होते.

पहिल्यांदा कुठे जावं?

जिथे विमानाचा प्रवास छोटा आहे, सार्वजनिक वाहतूक चांगली आहे आणि कागदपत्रं कमी लागतात तिथे. माझं मत विचाराल तर सिंगापूर. व्हिसा आधी काढावा लागतो आणि खर्च जास्त आहे, पण पाट्या इंग्रजीत, मेट्रो सगळीकडे, लिटल इंडियात शाकाहारी जेवण, आणि अहमदाबादहून थेट विमान. अगदी जवळचं हवं तर नेपाळ आणि भूतान. दोन्हीकडे भारतीयांना व्हिसा नाही, पासपोर्ट नसला तर मतदार ओळखपत्र चालतं. भूतान मात्र माणशी दर रात्रीचे १,२०० रुपये विकास शुल्क घेतं, ते हिशेबात धरा.

थायलंडने नोव्हेंबर २०२३पासून भारतीय पर्यटकांना व्हिसातून सूट दिली, पण किती दिवस राहता येईल हे मध्येच बदलतं, तेवढं ताजं बघा. तिथे १ मे २०२५पासून पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते मोफत आहे. सरकारी दिसणारी खोटी संकेतस्थळं त्याचे पैसे घेतात, त्यांच्या नादी लागू नका.

मॉरिशसचा विचार मराठी बाईने जरूर करावा. व्हिसा लागत नाही, तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

युरोप दुसऱ्या फेरीला ठेवा असं मी सांगते. तिथे बायकांना धोका जास्त आहे असं मुळीच नाही, पण पहिल्याच खेपेला चार देश, सहा गाड्या आणि जड बॅग हे सगळं एकटीने ओढताना मजा हरवते.

मी गृहिणी आहे, स्वतःचं उत्पन्न नाही. व्हिसा मिळेल का?

मिळतो. व्हिसा अधिकाऱ्याला मुख्यतः दोन गोष्टी बघायच्या असतात: खर्चाचे पैसे कुठून येणार, आणि तुम्ही परत येणार का. पैसे नवऱ्याचे असतील तर त्यांचं प्रायोजक म्हणून सही केलेलं पत्र, त्यांचे बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं आणि लग्नाचा दाखला जोडायचा. मुलगा किंवा मुलगी खर्च करत असेल तर नातं दाखवणारा कागद.

त्याबरोबर तुमच्या नावावर जे काही आहे ते सगळं लावा. मुदत ठेव, पोस्टातली बचत, घरात नाव असेल तर त्याची नक्कल, भाड्याचं उत्पन्न, शिकवण्यांचे किंवा फराळाच्या ऑर्डरींचे खात्यात आलेले पैसे. 'माझं काही नाही' असं म्हणणाऱ्या बाईच्या नावावर कपाटात दोन मुदत ठेवींच्या पावत्या निघतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, ती अधिकाऱ्याच्या डोळ्यांत येते. सहा महिने आधीपासून खातं चालू दिसू द्या.

सोबतचं पत्र साधं आणि खरं लिहा: मी कोण, कुठल्या तारखांना कुठे राहणार, एकटी का चालले आहे, परत कधी येणार. 'एकटी का' याचं उत्तर द्यायला लाजू नका. 'नवऱ्याला रजा नाही आणि मला चित्रसंग्रहालयं बघायची आहेत' एवढं कारण पुरतं.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळ्यात अर्ज द्यायच्या भेटीच्या वेळा (अपॉइंटमेंट) लवकर भरून जातात. जून २०२४पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

घरचे नाही म्हणतात. काय सांगू?

१८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या नुकत्या अठरा वर्षांच्या झाल्या होत्या आणि नवरा बरोबर नव्हता. निघण्याआधी बंगालमधल्या सेरामपूरला त्यांनी जाहीर भाषण केलं आणि लोक विचारत होते ते प्रश्न एकेक करून घेतले. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? तिकडे संकट आलं तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करावंस? जातीबाहेर टाकण्याचा प्रश्न सोडला तर बाकीचे आजही बडोद्याच्या दिवाणखान्यांत जसेच्या तसे ऐकू येतात. आनंदीबाई चिडल्या नाहीत, गप्पही बसल्या नाहीत. त्यांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. आपणही तेच करावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्या गावाचा दाखला हवा असेल तर महाराणी चिमणाबाई दुसऱ्या. सयाजीरावांबरोबर त्या परदेशी फिरल्या, तिकडच्या बायका कोणकोणती कामं करतात ते बारकाईने पाहून इथल्या बायकांसाठी त्यावर लिहिलं, आणि १९२७ साली पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. सासूबाई जुन्या बडोद्याच्या असतील तर हे नाव त्यांना परकं नसतं.

पण नुसत्या दाखल्यांनी आईची काळजी जात नाही. तिला एक कागद द्या. त्यावर विमानाचे क्रमांक, प्रत्येक रात्रीचा मुक्काम आणि तिथला फोन, विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक. रोज कुठल्या वेळी फोन करणार ते भारतीय वेळेत लिहा. फोन आला नाही तर किती तास वाट बघायची आणि मग कुणाला फोन करायचा हेही लिहा. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात, आणि घरच्यांना सर्वांत जास्त धीर त्यानेच येतो.

बडोद्याहून विमानतळावर एकटीने कशी पोहोचू? विमान पहाटेचं आहे.

अहमदाबादचा विमानतळ एक्स्प्रेसवेने साधारण दोन-अडीच तासांवर. पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री टॅक्सीने एकटीने निघण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी रेल्वेने किंवा एसटीच्या व्होल्वोने जा. रात्री नऊ-दहाला विमानतळावर पोहोचून आत बसून राहणं सोयीचं, मात्र किती तास आधी आत सोडतात ते कंपनीला विचारून ठेवा. मुंबईहून विमान असेल तर बोरिवलीला उतरून टॅक्सी करा, मुंबई सेंट्रलपर्यंत जायची गरज नाही.

इमिग्रेशनवाले एकट्या बाईला अडवतात का?

अडवत नाहीत, विचारतात. पहिलाच प्रवास, वय कमी आणि बरोबर कुणी नाही असं दिसलं की चार प्रश्न जास्त येतात, कारण नोकरीच्या नावाखाली मुलींना फसवून नेण्याचे प्रकार होतात. कुठे, किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट, पैसे. सगळ्याचे छापील कागद एका फोल्डरमध्ये ठेवा आणि जे खरं आहे तेच सांगा. हिंदीत किंवा गुजरातीत उत्तर दिलं तरी चालतं.

पैसे कसे न्यावे?

तीन ठिकाणी विभागून. थोडी परकीय रोख, एक फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं), आणि एक वेगळ्या बँकेचं कार्ड जे बॅगेत वेगळ्या कप्प्यात राहील. रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं, पण तेवढं लागत नाही. भारतातली कार्डं परदेशासाठी मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती सुरू करावी लागतात. हे बडोद्यातच करा आणि मर्यादाही घालून ठेवा. दुकानात यंत्रावर 'रुपयांत की स्थानिक चलनात' असं विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा, रुपयांत दर महाग पडतो.

फोनचं काय?

भारतीय सिम काढून टाकू नका. त्यावर रोमिंग सुरू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. इंटरनेटसाठी तिथलं सिम किंवा ई-सिम घ्या. शहराचा नकाशा आधीच फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा आणि हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत फोनमध्ये ठेवा. बँकॉक किंवा तोक्योच्या टॅक्सीवाल्याला तो नुसता दाखवता येतो.

रात्री भीती वाटेल. सुरक्षित आहे का?

नवरात्रात रात्री एक वाजता गरब्याहून ॲक्टिव्हावर घरी येणाऱ्या बडोद्याच्या बायकांना रात्रीची पारख शिकवावी लागत नाही. कुठला रस्ता वाहता आहे, कुठे दिवे आहेत, कुणाची नजर बरोबर नाही, हे आपल्याला कळतं. फरक एवढाच की परक्या गावात रस्ते माहीत नसतात. म्हणून पहिल्या दिवशी दिवसाउजेडी पोहोचेल असंच विमान घ्या, जरा महाग पडलं तरी. मुक्काम स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर घ्या आणि निवडताना एकट्या राहिलेल्या बायकांनी काय लिहिलंय ते वाचा. तळमजल्याची खोली नको. स्वागतकक्षात खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारला तर दुसरी खोली मागा.

काही ठिकाणी चांगल्या सोयी आहेत. दुबईच्या मेट्रोत बायका-मुलांचा वेगळा डबा असतो, बायकांनी चालवलेल्या गुलाबी टपाच्या टॅक्सी असतात. तोक्योत सकाळच्या गर्दीत बऱ्याच मार्गांवर फक्त बायकांचे डबे असतात.

कुणी मागे लागलं तर दुकानात किंवा हॉटेलात शिरा आणि तिथल्या बाईशी बोला. गप्प राहून सहन करू नका. मराठीत ओरडलात तरी चालेल, सूर सगळ्यांना कळतो. क्रमांक पाठ करा: युरोपीय संघात ११२, अमिरातीत पोलिसांसाठी ९९९, जपानमध्ये ११०, थायलंडच्या पर्यटन पोलिसांसाठी ११५५.

एकटीने हॉटेलात जेवायला बसायला लाज वाटते.

हे बायका हळू आवाजात विचारतात आणि मला वाटतं खरी अडचण हीच असते. व्हिसा, पैसे, विमान सगळं जमतं, पण टेबलावर एकटीने बसायचं म्हटलं की पाय अडखळतात. आपल्याला घरात सगळ्यांना वाढून मग जेवायची सवय, कुणीतरी आपल्याला वाढतंय आणि समोरची खुर्ची रिकामी आहे हे अंगवळणी पडलेलं नसतं. म्हणून सराव बडोद्यातच करा. अलकापुरीतल्या एखाद्या हॉटेलात दुपारी एकट्या जा, पूर्ण जेवण मागवा, फोन पर्समध्ये ठेवून सावकाश जेवा. मग एकदा एकटीने मुंबईला जाऊन दोन रात्री राहून या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आजूबाजूचे लोक बघत नाहीत हे आपोआप लक्षात येतं.

खाण्याचं काय न्यावं? काय नेऊ नये?

थेपले, कोरडी चटणी, भाजणी, मेतकूट, भडंग हे सगळं बॅगेत चालतं. सुकं खोबरं नेऊ नका, तेलामुळे ते ज्वालाग्राही धरलं जातं आणि विमानतळावर काढून घेतात. अमिरातीत खसखस अजिबात नेऊ नका. आपल्याला अनारशावरची खसखस निरुपद्रवी वाटते, तिथल्या कायद्यात ती अमली पदार्थांत येते आणि लोकांना तुरुंगात जावं लागलं आहे. विड्याची पानंही नकोत. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, श्रीखंड घरीच ठेवायचं. ऑस्ट्रेलियात जे काही खायचं नेलंय ते कार्डावर लिहून द्या, लपवलं तर मोठा दंड होतो.

मंगळसूत्र आणि दागिने?

मंगळसूत्र घालावं की नाही हा तुमचा प्रश्न. घालायचं असेल तर छोटं घाला. पाटल्या-तोडे घरी ठेवा. काही मौल्यवान न्यावंच लागलं तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात दाखला घ्या, म्हणजे परत येताना ते बाहेरून आणलं का असा वाद होत नाही.

पाळी आणि औषधं?

पॅड इथूनच न्या, नेहमीची सवयीची. लांब प्रवासात पाळी येऊ शकते असं धरूनच बॅग भरा. पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा, रक्तदाब किंवा रक्तात गुठळी होण्याचा इतिहास असेल तर नक्कीच. बालीच्या देवळांत पाळी चालू असताना प्रवेश नाकारतात, तिथे पाटीच असते, ठाऊक असावं म्हणून सांगितलं.

औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं अमिरातीत आधी परवानगी घेतल्याशिवाय चालत नाहीत. जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांनाही बंदी आहे.

माझं वय ६२, वैधव्य आलंय. आता जमेल का?

जमेल. गुडघे आणि साखर बघून कार्यक्रम सैल ठेवा, एका गावात चार रात्री. विमा घेताना असलेले आजार लपवू नका, लपवले तर दावा नाकारतात. विमानतळावर चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच मागता येते, बहुतेक कंपन्या तिचे पैसे घेत नाहीत, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. एम. एस. युनिव्हर्सिटीतल्या मुलींपेक्षा या वयाच्या बायकांची तयारी पक्की असते असा माझा अनुभव आहे.

परदेशात नोकरी लावून देतो म्हणणारा भेटला आहे, आधी पर्यटक व्हिसावर जा म्हणतो.

जाऊ नका. कितीही ओळखीचा असला तरी. पर्यटक व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, आणि म्यानमार-कंबोडियातल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर भारतीय मुलं-मुली अशाच आमिषाने पोहोचली. भरती करणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते बघा. घरकामासाठी आखाती देशांत जायचं तर 'ईसीआर' म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी (एमिग्रेशन चेक) लागणारा पासपोर्ट असलेल्या ३० वर्षांखालील स्त्रियांना सरकार मंजुरीच देत नाही, त्यामुळे 'मी करून देतो' म्हणणारा कायद्याबाहेरचा रस्ता दाखवत असतो.

तिकडे पासपोर्ट हरवला तर?

आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. ती घेऊन भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जा. परत येण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं, त्यावर फक्त भारतात येता येतं, पुढचा देश होत नाही. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची आणि व्हिसाची छायाप्रत, दोन-चार फोटो आणि आधारची प्रत पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत असली तर काम लवकर होतं. त्याच प्रती स्वतःच्या ईमेलमध्येही ठेवा. दूतावासाकडून दाद मिळत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पैसेही गेले असतील आणि खरोखर अडचण असेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत होऊ शकते, दूतावासात तसं स्पष्ट विचारा.